हाताला कळेल असं कापड

४ सप्टेंबर, शुक्रवार

कोट मिळाला! जुन्या कपड्यांच्या दुकानात, अगदी मागच्या खुंटीवर, मोडक्या छत्र्यांच्या आड. पुरुषी, लोकरी, खांद्यांना ऐसपैस. रंग राखाडी — पण नुसता राखाडी नव्हे, शिसपेन्सिल आडवी धरून घासलेल्या कागदासारखा. दुकानदार बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "बाई, एका बाहीला कसर लागलीय." म्हटलं, मग तर फारच छान.

नाटक असं आहे — एका म्हातारीला घर सोडून जायचा हुकूम झालाय. हातात काही न्यायचं नाही, अंगावर असेल तेवढंच. म्हणून ती आपले सगळे महत्त्वाचे कपडे एकावर एक चढवते. नाक्यावरचा शिपाई तिला एकेक उतरवायला लावतो, ती त्या त्या कपड्याची गोष्ट सांगते. दुसऱ्या अंकात तो म्हणतो, यातला एकच घेऊन जा. मग ती त्या ढिगातून एकेक उचलते, हा का नको ते सांगते, ठेवते. शेवटी एक घालते आणि जाते. सहा कपडे, एक बाई, एक शिपाई. शिपायाला "पुढे" याखेरीज फारसं बोलणं नाही. ते काम दिग्दर्शकाने स्वतःकडे ठेवलंय आणि त्याचीच सर्वात जास्त तालीम करतो.

म्हातारी म्हणजे आमची वहिनी. कपडे माझ्याकडे. चित्रकलेची मास्तरीण, निवृत्त, एका शिवणयंत्राची मालकीण — आणि या हौशी मंडळाची बिनपगारी दासी.

५ सप्टेंबर

वहिनीला कोट दाखवला. तिने बघितलाच नाही. हातात घेतला, गालाला लावला, बाहीत हात घालून अस्तर चिमटीत धरलं. म्हणाली, "चालेल." रंगाबद्दल अवाक्षर नाही! मी फुगून बसले.

६ सप्टेंबर, रविवार

काल उगीच फुगले.

आज दादा आगारात गेल्यावर (रविवारीसुद्धा याच्याशिवाय बसगाड्या सुटत नाहीत असा त्याचा समज आहे) वहिनीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तिला दिसत नाही. म्हणजे दिवसाउजेडी समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. कडेचं जवळजवळ गेलंय. दिवा मंद झाला की सगळंच जातं. डोळ्यांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, हे थांबणार नाही. वर्ष होत आलं. माझ्या नाकासमोर, एका घरात! मी म्हणत होते की वहिनी हल्ली भांडी आपटते. रागाने आपटते असं वाटायचं मला.

ती इस्पितळात टेलिफोनवर कामाला आहे, तिथे कुणाला कळत नाही. आवाजाचं काम, बटणं तिच्या बोटांना पाठ. पण नाटकाचा दुसरा अंक एका कंदिलावर आहे.

"दादाला?" मी विचारलं.

"ह्यांना कळलं तर उद्यापासून मला कापसात गुंडाळून ठेवतील. पाय मुरगळला होता तेव्हा आठवतंय ना? न्हाणीच्या दाराला कडी लावू देत नव्हते." मग म्हणाली, "ताई, हे एक नाटक मला करू द्या. माझं म्हणून. मग सांगेन मी."

तेव्हा ठरलं. रंग मी बघायचा, पण आधी कापड तिच्या हातात. सहा कपडे, सहांचा स्पर्श वेगळा. कंदिलाच्या उजेडात तिला तो ढीग म्हणजे नुसता अंधार.

मी रडले. ती नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

कापडबाजार. पाय गळून गेले.

मी एक मोहरीच्या रंगाचं कापड बघितलं. काय रंग! दिव्याखाली धरलं तर अंगावर रोमांच आले. चाळीस वर्षं मुलांना जो रंग कालवून दाखवायचा प्रयत्न केला तो हा. ताग्यावर हात ठेवून मी जवळजवळ पुटपुटतच होते. वहिनीने दोन बोटं फिरवली. "हे आणि मघाचं पॉपलिन सारखंच."

"अगं पण रंग बघ."

म्हणाले आणि जीभ चावली. ती हसली. म्हणाली, "तुम्ही बघा आणि मला सांगा." मग मी सांगितला. मोहरी फोडणीत पडायच्या आधी असते तसा नव्हे, कुटल्यावर होते तसा. दुकानदारीण आमच्याकडे बघतच राहिली. कापड अर्थातच घेतलं नाही.

मग मीही डोळे मिटून बघायला लागले. अवघड आहे! डोळे मिटले की मला सगळी कापडं सारखीच — कापडासारखी. वहिनी शिकवायला लागली. नुसतं वरून चाचपायचं नाही, चिमटीत धरून चोळायचं. थंड लागतंय की कोमट. बोट अडतंय की घसरतंय. मुठीत आवळून सोडलं की उघडतंय की तसंच राहतंय. दुकानदारीणबाईंनी शेवटी विचारलंच, "बघून घेत नाही का तुम्ही?" वहिनी म्हणाली, "बघून घेतलेलं घरी गेल्यावर आवडत नाही." बाईंना पटलं.

झालेली खरेदी — जाडंभरडं कॅनव्हास (कारखान्यातल्या डगल्यासाठी), फ्लॅनेल, सॅटिन (लग्नातला झगा), पॉपलिन (शाळेचा फ्रॉक). मलमल घरात होती.

१० सप्टेंबर

गाठींची कल्पना सुचली होती. कॉलरच्या आत दोऱ्याच्या गाठी — याला एक, त्याला दोन. वहिनीने उडवून लावली. "तोंडाने नवऱ्याच्या मरणाचं सांगतेय आणि बोटांनी गाठी मोजतेय? हात लागला की कळलं पाहिजे. माणसाचा हात हातात आला की मोजावं लागतं का?"

बरं बाई.

१३ सप्टेंबर, रविवार

सगळं बेतून झालं. कसं ते लिहून ठेवते, कारण कौतुक करायला दुसरं कुणी नाही.

सर्वात वर कोट, नवऱ्याचा. लोकर, टोचरी. त्याखाली डगला, कॅनव्हासचा, पुढे दोन मोठे खिसे. मग फ्लॅनेलचं जाकीट — मुलगी आजारी असताना म्हातारी जे घालून रात्ररात्र जागली ते. मऊ, लव असलेलं. त्याखाली सॅटिनचा झगा, गुळगुळीत, गार. मग शाळेचा फ्रॉक, पॉपलिनचा, चुणीदार. सर्वात आत मलमलीचं साधं पोलकं, आईने शिवलेलं. ते शेवटी अंगावरच राहतं.

पहिल्यांदा सगळे चढवले तर वहिनीचे हात अंगाला लागेनात! दोन्ही बाजूंना उश्या बांधल्यासारखी उभी राहिली. आतल्या दोघांच्या बाह्या कापून टाकल्या. झग्याच्या ठेवल्या, पण पातळ अस्तराच्या केल्या, सॅटिन फक्त मनगटाशी. आता हात खाली येतात. सॅटिन मात्र फ्लॅनेलखाली चालता चालता वर चढतं. त्याच्या घेराला आतून वजनासाठी पडद्यातली साखळी घातली. उतरवताना ती जमिनीला लागून बारीक आवाज करते. वहिनीला तो फार आवडला. "लग्न उतरल्याचा आवाज," म्हणाली.

दादा मध्येच डोकावला. बायको सहा कपड्यांत घामाघूम आणि बहीण तोंडात टाचण्या धरून जमिनीवर. म्हणाला, "हिला उकडून मारणार आहेस का?" मग पंखा आणून लावला, तारेत पाय अडकेल म्हणून तार भिंतीकडेने नेली, तिच्यावर चटई टाकली, चटईवर स्वतः उभा राहून बघितलं. मला त्याची माया दिसते आणि वहिनीची भीतीही कळते. दोन्ही एकाच चटईवर उभी.

१५ सप्टेंबर

डाव्या अंगठ्यात सुई. बाकी क्षेम.

२० सप्टेंबर, रविवार

मंडळाच्या हॉलमध्ये तालीम. मी बंदांच्या जागी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, भराभर उघडतात म्हणून. पहिला कोट उघडला — टर्र! डगला — टर्र! शिपायाला हसू आवरेना. दिग्दर्शक म्हणून स्वतःलाच रागावला, पुन्हा हसला. सगळ्या काढून टिचबटणं लावणार.

पण दुसरा अंक! कंदील लावला, हॉलचे दिवे घालवले. वहिनी त्या ढिगापाशी बसली. हात घातला आणि बाहेर काढला तो नेमका कोट. मग झगा. मग फ्लॅनेल. एकदाही चाचपडली नाही. मी कोपऱ्यात बसून श्वास धरला होता. कंदिलाजवळ टेप बसली होती (ही इस्पितळातली नर्स, सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ आहेत म्हणून हे नाव, वहिनीला काही झालं तर तीच उभी राहणार). टेप म्हणाली, "काकू कपड्यांना किती प्रेमाने हात लावतात."

शेवटी म्हातारी डगला निवडते. सगळ्यांना वाटतं झगा घेईल, नाहीतर नवऱ्याचा कोट. ती डगला घालते. शिपाई विचारतो, हा का? ती म्हणते, "याला खिसे आहेत." आणि जाते.

मला दर वेळी हुंदका येतो आणि दर वेळी मी तो नाकात दाबते.

२६ सप्टेंबर, शनिवार

शहाणपण नडलं. माझंच.

रंगीत तालीम होती आज. कपडे अंगावर घालून घालून मरगळले होते. डगल्याला पोक आलं होतं, फ्रॉकच्या चुण्या मेल्या होत्या, मलमल तर पायपुसणं. मला कसं बघवेल? काल सगळे सुती कपडे धुतले, तांदळाची खळ करून घातली, कडक इस्त्री मारली. हँगरवर असे उभे राहिले की आत माणूस नको. शाळेत स्नेहसंमेलनाला असेच करायची मी. लोक विचारायचे, कुणी केलं हे?

दुसरा अंक. कंदील. वहिनीने ढिगात हात घातला आणि थांबली. पुन्हा फिरवला. मला दुरूनही कळलं. फ्लॅनेलची लव खळीने बसून गेली होती. फ्लॅनेल आणि पॉपलिन, दोन्ही एकजात पुठ्ठा! कॅनव्हास तेवढा जरा जाड पुठ्ठा. तिने एक उचललं आणि शाळेची गोष्ट सुरू केली. हातात मुलीच्या आजारपणाचं जाकीट.

"बाई, हा कुठला प्रवेश?" शिपाई विसरून दिग्दर्शक बोलला.

वहिनी म्हणाली, "चुकले. पुन्हा घेते." पुन्हा चुकली. या खेपेला फ्रॉक उचलून मुलीच्या आजारपणाचं सांगायला लागली. टेपने तिथल्या तिथे अगदी हळू बरोबर वाक्य सांगितलं, वाक्य चुकलंय असं समजून. वहिनीने मान डोलावली, जणू तेच हवं होतं.

तालमीनंतर दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही. "ताई, त्यांना थकवा आलाय का? सहा कपडे, वय... अजून आठवडा आहे. मंगळवारी पुन्हा बघू. नाहीतर टेप तयार आहे."

 खळ मी घातली एवढंही म्हणता येईना. म्हटलं असतं तर त्याने विचारलंच असतं — खळीचा आणि वाक्यांचा काय संबंध?

घरी येताना वहिनी माझ्या दंडाला धरून चालली.  पार फाटकाशी आल्यावर म्हणाली, "दिसायला छान झाले होते का?"

"फार छान," मी म्हटलं.

"मग झालं."

यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२७ सप्टेंबर

बादलीत कोमट पाणी. खळ काढणं घालण्यापेक्षा अवघड. दोन पाणी, तीन पाणी, तरी बोटांना बुळबुळ. डगल्याला दगडावर घेतलं. फ्लॅनेल वाळल्यावर कपड्याच्या ब्रशने उलटं घासत बसले, लव उठावी म्हणून. दुपारी दादा म्हणाला, "परवाच धुतलंस ना हे?" म्हटलं, आवडलं नाही मला. "तुझं काही खरं नाही," म्हणाला आणि शेजारी स्टूल ओढून मलमल पिळू लागला. विचारत काहीच नाही. पिळतोही इतकं हलक्या हाताने की पाणी निघेना. मला वाटलं सांगून टाकावं. तोंड उघडलंसुद्धा. पण ते तिचं आहे, माझं नाही.

२८ सप्टेंबर

फ्लॅनेल परत आलं नाही. लव उठली ती ठिकठिकाणी, आजारी मांजरासारखी. वहिनीने हात लावून मान हलवली.

मग माझं कपाट उघडलं. माझं जुनं गाऊनवजा जाकीट आहे, थंडीतलं, कोपरांना विरलेलं. रंग भयंकर, शिजवलेल्या बीटाचा. वर्गात घालायची लाज वाटायची म्हणून घरातच वापरलेलं. ते दिलं तिच्या हातात. तिने मुठीत धरलं, सोडलं, नाकाशी नेलं. "हे तुमचं ना? याला खडूचा वास येतो."

ते या रंगसंगतीत इतकं विजोड दिसणार आहे की बघणाऱ्याचे दात आंबतील. असू दे. बाह्या कापायला घेतल्या.

२९ सप्टेंबर, मंगळवार

तालीम. एकही चूक नाही. दिग्दर्शक जाकिटाकडे बघून म्हणाला, "हा रंग जरा अंगावर येतोय." मी म्हटलं, आजारपणाचा आहे, यायलाच हवा. त्याने लिहून घेतलं! पुढे कुणाला तरी स्वतःची कल्पना म्हणून सांगणार.

टेपचं नाव पुन्हा निघालं नाही. टेप स्वतःच जास्त खूश दिसली. तिला बहुतेक रंगमंचाची भीती आहे.

३ ऑक्टोबर, शनिवार

झालं नाटक. आत्ताच घरी आलो. दोघं बाहेर चहा घेताहेत, त्यांच्या बोलण्याचा आवाज इथे येतोय.

हॉल भरला होता. मी आणि दादा दुसऱ्या रांगेत. दादाने ठेवणीतला शर्ट घातला होता आणि नाटक सुरू व्हायच्या आधीपासूनच त्याचा घसा कोरडा. पहिला अंक सरळ पार पडला. झगा उतरला तेव्हा साखळी जमिनीला लागली आणि हॉलमध्ये एवढी शांतता होती की ती सगळ्यांना ऐकू आली.

दुसऱ्या अंकाला कंदील आला.  वहिनीने ढिगावर दोन्ही हात ठेवले, उचलले नाहीत लगेच, नुसते ठेवले. मग कोट. मग झगा. मग माझं जाकीट — ते छातीशी धरून ती मुलीच्या उशाशी जागायला लागली तेव्हा मागे कुणीतरी नाक पुसलं. मी जाकिटाचा रंग बघितलाच नाही. खरंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असेल.

त्याआधी, कोट तिच्या हातात असतानाच, दादा खाकरला. त्याची ती ठरलेली सवय, आधी बारीक, मग मोठ्याने. वहिनीने बोलता बोलता मान वळवली आणि नेमकी आमच्याकडे, त्याच्याकडे तोंड करून पुढची वाक्यं म्हणाली. नवऱ्याच्या कोटाबद्दलची. दादा अगदी ताठ बसला. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून ठेवली.

"याला खिसे आहेत." ती गेली. टाळ्या थांबेनात. पडदा परत उघडला तेव्हा शिपायाने तिचा हात धरून पुढे आणलं, तसं सगळेच नट धरतात, कुणाला काही वाटलं नाही.

टॅक्सीत बसलो. दादा एकदम म्हणाला, "माझ्याकडे बघून बोललीस ना तू? एवढ्या माणसांत. मी ओळखलं लगेच." लहान मुलासारखा खूश. पुन्हा म्हणाला, "सरळ माझ्याकडे बघत होतीस."

वहिनी म्हणाली, "हो." आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी पुढच्या सीटवर होते. बरं झालं.

४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उठून बघते तर वहिनीने तिच्या कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढलेले. सगळे. शर्ट, स्वेटर, कामावरचे, घरातले. दादा दारात उभा, आगारात जायला निघालेला, हातात टोपी.

वहिनी म्हणाली, "अहो, काल मी तुमच्याकडे बघत नव्हते. तुम्ही खाकरलात, म्हणून वळले. मला दिसत नाही. तेवढं खोटं मला रात्रभर पचलं नाही." मग माझ्याकडे तोंड करून, "ताई, हेही सगळं नाटकातल्यासारखं लावून द्या. हाताला कळेल असं."

 मला वाटलं, दादा आता ओरडेल, आता डॉक्टरला फोन करेल, आता घराला कड्या घालेल. त्याने टोपी खुंटीला अडकवली. कपड्यांत जागा करून पलंगावर बसला, डोळे मिटले आणि ढिगातून एक उचललं.

"हा निळा का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "घाई करू नका. पुन्हा."